सॉकेट ७

१९९७-९८च्या सुमारास असेंबल केलेल्या संगणकाचे कॅबिनेट आज उघडले, की धुळीखाली पांढरट प्लॅस्टिकचा एक चौकोन सापडतो. त्याच्या बाजूला पातळशी तरफ असते. ती उभी केली की प्रोसेसर अलगद हातात येतो, जोर लावावा लागत नाही. चौकोनाच्या काठावर 'सॉकेट ७' अशी अक्षरे असतात आणि आत ३२१ छिद्रे. इंटेलने पेंटियमसाठी काढलेल्या या जागेवर एएमडी, सायरिक्स आणि आयडीटी या कंपन्यांचेही प्रोसेसर बसत. इतक्या परस्परविरोधी कंपन्यांना सामावून घेणारे सॉकेट घरगुती संगणकाला नंतर लाभले नाही. मला ते त्या दशकातले सर्वांत उदार यंत्र वाटते.

आपल्याकडे या उदारपणाला फार मोल होते. संगणक ही घरातली मोठी खरेदी होती, अनेकदा हप्त्यांवरची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि दिल्लीत नेहरू प्लेसला सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या रांगा होत्या, आणि गावोगावचे असेंबल करणारे तिथून माल नेत. नवे मशीन घेणे परवडत नसे, तेव्हा कॅबिनेट, मॉनिटर, हार्डडिस्क तीच ठेवून फक्त प्रोसेसर बदलायचा. पेंटियम १३३ काढून त्याच जागी कितीतरी वेगवान एएमडी के६-२ बसवता आला, तर मशीनला आणखी तीन-चार वर्षे मिळत. डीटीपीवाल्याचे, टायपिंग इन्स्टिट्यूटचे, कारखान्यातल्या हिशेबनिसाचे काम त्यावर निभत असे.

मात्र प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला म्हणजे तो चालेलच असे नाही, आणि खरे कसब इथूनच सुरू होते. पहिला प्रश्न व्होल्टेजचा. १९९३चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालत असे आणि त्याचे सॉकेट वेगळे होते. पुढच्या वर्षी आलेले पेंटियम ३.३ व्होल्टच्या आसपास चालू लागले. जानेवारी १९९७मध्ये पेंटियम एमएमएक्स आला आणि त्याने दोन व्होल्टेज मागितले : बाहेरच्या जोडण्यांना ३.३, आतल्या गाभ्याला २.८. एएमडीच्या के६ला मॉडेलनुसार २.९ किंवा ३.२ लागत आणि के६-२ २.२वर उतरला. अडचण अशी, की सुरुवातीच्या बऱ्याच सॉकेट ७ बोर्डांवर दुहेरी व्होल्टेजची सोयच नव्हती. छिद्रे तीच, दिसणे तेच. त्यात एमएमएक्स बसवला तर मशीन सुरूही व्हायचे, आणि प्रोसेसर जास्तीच्या व्होल्टेजवर तापत आयुष्य घालवायचा. ज्यांच्या बोर्डावर सोय नाही त्यांच्यासाठी इंटेलने अंगचाच रेग्युलेटर असलेले 'ओव्हरड्राइव्ह' प्रोसेसर काढले होते, पण त्यांचा पल्ला २०० मेगाहर्ट्झपर्यंतच.

दुसरा प्रश्न गुणकाचा, आणि सॉकेट ७ची सगळ्यांत सुंदर हकीकत इथे आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डाच्या बसचा वेग गुणिले एक आकडा. हा आकडा बोर्डावरच्या इवल्या जंपरांनी ठरतो : दोन पिना जोडायच्या किंवा मोकळ्या सोडायच्या. जुन्या बोर्डांना गुणक ठाऊक होते मोजकेच, १.५पासून ३पर्यंत. मग २३३ मेगाहर्ट्झचा एमएमएक्स त्यांवर चालवायचा कसा? ६६च्या बसला ३.५ने गुणायला हवे आणि बोर्डावर ३.५ नाही. म्हणून इंटेलने प्रोसेसरच्याच आत १.५च्या खुणेचा अर्थ ३.५ असा लावला. बोर्ड बिचारा जुनेच सांगतो, चिप नवे ऐकते. एएमडीने हीच युक्ती पुढे नेली आणि के६-२च्या नंतरच्या आवृत्त्यांत २च्या जंपरचा अर्थ ६ केला. त्यामुळे ज्या बोर्डाच्या पुस्तिकेत २००च्या पुढे काही छापलेलेच नाही, त्यावर ६६ गुणिले ६ असा ४०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर धावतो. जुन्या ग्राहकाला वाऱ्यावर न सोडण्याची ही वृत्ती मला त्या चिपमधल्या लाखो ट्रान्झिस्टरांहून मोठी वाटते.

बायॉसचा भाग त्या मानाने सोपा. ॲवॉर्ड किंवा एएमआयच्या जुन्या बायॉसला नवी चिप ओळखता आली नाही, तर सुरुवातीच्या पडद्यावर नाव चुकीचे येते. मशीन बऱ्याचदा चालते. कधी मात्र ते तिथेच अडते आणि बायॉसची नवी आवृत्ती भरावी लागते.

सॉफ्टवेअरची गाठ अधिक विचित्र. विंडोज ९५ असलेल्या मशीनमध्ये ३५० मेगाहर्ट्झ किंवा त्यावरचा के६-२ घातला, की सुरू होतानाच 'प्रोटेक्शन एरर' येऊन सारे थांबे. लोक प्रोसेसर परत करायला दुकानात जात. प्रोसेसर निर्दोष असे. विंडोजच्या काही ड्रायव्हरांत वेळ मोजण्यासाठी एक रिकामे आवर्तन होते. ते या चिपवर इतक्या झटपट संपे, की मोजलेला वेळ शून्य यायचा आणि पुढच्या भागाकारात शून्याने भागले जायचे. त्यासाठी दुरुस्तीची छोटी फाइल निघाली. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले कितीतरी प्रोग्रॅम वेगवान मशीनवर 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडत, तेही अशाच मोजणीतल्या भागाकारामुळे. कॉलेजात पास्कल शिकलेल्या पिढीला तो आकडा अजून आठवत असेल.

मेमरीची अडचण मात्र कुणाला दिसायचीच नाही. १९९७चा इंटेल ४३०टीएक्स हा चिपसेट आपल्याकडेही भरपूर चालला. त्याच्या बोर्डावरची कॅशे पहिल्या ६४ एमबी रॅमलाच झाकते. १६ किंवा ३२ एमबीच्या काळात हे कुणाला खटकले नाही. पुढे रॅम स्वस्त झाली, लोकांनी १२८ एमबी टाकली आणि मशीन आधीपेक्षा मंद झाले, कारण विंडोज ९८ मेमरी वरच्या टोकाकडून वापरायला घेते आणि तो भाग नेमका कॅशेबाहेरचा.

मे १९९७मध्ये इंटेलने पेंटियम टू आणला तो 'स्लॉट १' या लांबट खाचेत बसणारा, आणि ती खाच इतर कंपन्यांना खुली नव्हती. पुढे इंटेल पुन्हा चौकोनी सॉकेटकडे वळली तेव्हा खाचेत सॉकेट बसवणारी 'स्लॉटकेट' नावाची अडॅप्टर कार्डे निघाली. ती कहाणीही रंजक आहे, पण तिथे अपग्रेड ग्राहकाच्या चिकाटीने होत होते. सॉकेट ७वर ते चिप बनवणाऱ्यांनीच मनावर घेतले होते.

आज ही मशीने जातात कुठे? दिल्लीतल्या सीलमपूरला जुने संगणक येतात. तिथे बोर्ड सोलले जातात, सुटे भाग वेगळे होतात, आणि आसपासच्या वस्त्यांत धातू काढण्यासाठी तेजाब वापरले जाते. सिरॅमिक आवरणाच्या ४८६ आणि पहिल्या पेंटियमांवर सोन्याचा मुलामा असतो, म्हणून भंगारात त्यांना भाव जास्त. चालू स्थितीतला प्रोसेसर त्या कणभर सोन्यासाठी विरघळवला जातो. हे काम करणाऱ्यांचे हात आणि फुप्फुसे त्यात जळतात, ते वेगळेच. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२पासून लागू आहेत, तरी हे काम थांबलेले नाही.

आणि या जुन्या मशीनांचे काम अजून संपलेले नाही. एखाद्या कारखान्यातले यंत्र किंवा प्रयोगशाळेतले उपकरण आयएसए कार्डावर चालते, आणि ते कार्ड नव्या बोर्डात बसत नाही. डॉसमधले हिशेब, पॅरलल पोर्टला 'लॉक' लावल्याशिवाय न उघडणारी जुनी डीटीपी सॉफ्टवेअर, त्यांतल्या मराठी फाइली : हे सारे उघडायला त्या काळचेच मशीन लागते. असे मशीन घरात असेल तर बोर्डाची पुस्तिका जपून ठेवावी. ती हरवली असेल तर बोर्डावर छापलेला जंपरांचा तक्ता फोटो काढून ठेवावा. व्होल्टेज अंदाजाने लावण्याची वेळ येऊ देऊ नये. फुगलेले कपॅसिटर आणि जुना एसएमपीएस आधी तपासावा, प्रोसेसरचे नंतर पाहावे.

सॉकेट ७साठीच्या शेवटच्या उत्तम चिपांपैकी एक म्हणजे २०००चा एएमडी के६-३+. तो मुळात लॅपटॉपसाठी केलेला, २ व्होल्टवर चालणारा. बोर्ड तेवढे खाली उतरत असेल आणि बायॉस साथ देत असेल, तर तो १९९७च्या ४३०टीएक्सवर चालतो. त्याच्या पोटातच २५६ केबीची दुसऱ्या पातळीची कॅशे आहे आणि ती ६४ एमबीपाशी थांबत नाही. बोर्डावरची जुनी कॅशे आपोआप तिसरी पातळी होते, आणि १२८ एमबी टाकल्यावर मंदावलेले ते मशीन पुन्हा पळू लागते.