सूक्ष्मदर्शकाखालचे मांस

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील नगरपालिकांनी मांस-तपासणीची जी शिस्त लावली, तिच्यामागे ट्रायकिनेला या सूक्ष्म कृमीची दहशत होती. डुकराच्या स्नायूंत दडणारा हा कृमी कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या मांसातून माणसाच्या शरीरात शिरतो, आणि 1865मध्ये हेडर्सलेबेन गावात त्याने सुमारे शंभर बळी घेतले. खाटकाच्या घरामागे होणाऱ्या कत्तलीवर देखरेख अशक्य असल्याने वैद्यकतज्ज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी सार्वजनिक कत्तलखान्याचा आग्रह धरला आणि 1881मध्ये बर्लिनचा मध्यवर्ती कत्तलखाना सुरू झाला.

पुढे 1900च्या कायद्याने कत्तलीपूर्वी जिवंत जनावराची आणि कत्तलीनंतर मांसाची अशी दुहेरी तपासणी देशभर लागू केली. तपासनीस डुकराच्या श्वासपटलातून, म्हणजे छाती व पोट यांमधील स्नायूच्या पडद्यातून, बारीक तुकडे कापून ते दोन जाड काचांमध्ये दाबत आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुंडाळी करून बसलेला कृमी शोधत. गुरांच्या बाबतीत जबड्याचे स्नायू चिरून पट्टकृमीच्या अळ्या पाहिल्या जात.

या व्यवस्थेचे मोठेपण असे की तिने गरिबांचाही विचार केला. कमी प्रतीचे, परंतु निर्धोक किंवा उकळून निर्धोक केलेले मांस ‘फ्रायबांक’ नावाच्या वेगळ्या विक्रीकेंद्रात, त्याचा दर्जा उघड सांगून, स्वस्तात विकले जाई. निर्धोक अन्न हा ग्राहकाच्या नशिबाचा भाग नसून ती शासनाची जबाबदारी आहे, हे तत्त्व अशा रीतीने रोजच्या व्यवहारात उतरले.