वस्तीचे नाव बदलले, नळाचे काय?

जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. समतानगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवली गेली. पण पाटी बदलली म्हणून जलवाहिनी वस्तीपर्यंत येत नाही आणि दूषित पाण्यातून अतिसार, कावीळ पसरतच राहते.

यावर नगररचनाकारांकडे एक साधन आहे : घरनिहाय नकाशा. १९९३ मध्ये पुण्यात सुरू झालेली ‘शेल्टर असोसिएट्स’ ही संस्था झोपडपट्ट्यांची घरोघर पाहणी करून माहिती उपग्रह नकाशावर मांडते. कोणत्या घरात शौचालय नाही, मलवाहिनी किती दूर आहे, हे लगेच दिसते. मग वगळलेली वस्ती नजरेआड करता येत नाही.

राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील विंझरसारख्या गावांच्या ग्रामसभांनाही असा नकाशा मांडून विचारता येईल : शेवटचा नळ कोणाच्या दारापाशी थांबतो?