फोटोवाल्याच्या ॲक्शन : जपायच्या कशा? (लेखांक ६)

दिल्लीच्या जुन्या राजिंदरनगरात यूपीएससीच्या तयारीसाठी आलेली मराठी मुलं बरीच दिसतात. अर्ज भरायचे दिवस आले की फोटोच्या दुकानांत त्यांची रीघ लागते. कुणाला पासपोर्ट साइझचे आठ फोटो हवेत, कुणाला अर्जावर चढवायला ठरावीक केबीत बसणारी जेपेग. काउंटरमागचा मुलगा फोटोशॉपमध्ये एक कळ दाबतो आणि आठ चेहरे एका कागदावर ओळीत बसतात. ही ॲक्शन रेकॉर्ड कशी करायची ते मागच्या लेखात पाहिलं. आज ती सांभाळायची कशी ते पाहू, कारण केलेली मेहनत वाया जाते ती इथेच.

त्या आठ फोटोंचं गणित बघा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो ३०० डीपीआयला साधारण ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. सहा बाय चार इंचाचा कागद म्हणजे १८०० बाय १२०० पिक्सेल. एका ओळीतले चार फोटो १६५२ पिक्सेलमध्ये मावतात, दोन ओळी १०६२ मध्ये. उरलेली जागा कापायला. कुणीतरी हे एकदा डोकं लावून बसवलेलं असतं आणि नंतर दिवसभर ते नुसतं चालवलं जातं. म्हणून ॲक्शन ही दुकानाची पुंजी आहे असं मी मानतो.

फोटोशॉपमध्ये ॲक्शन आल्या १९९६ साली, चौथ्या आवृत्तीत. त्यांची रचना साधी आहे : पायऱ्यांची मिळून ॲक्शन, ॲक्शनांचा मिळून सेट. पण बहुतेक दुकानांत पॅनेल उघडलं की 'ॲक्शन १', 'ॲक्शन १ कॉपी', 'न्यू फायनल' अशी रांग दिसते. नेहमीचा कारागीर सुट्टीवर गेला की त्यातली कुठली दाबायची हे कुणालाच कळत नाही. नावातच काम आणि माप लिहा : 'पासपोर्ट ८, ६ बाय ४'. गिऱ्हाइकाच्या कामाप्रमाणे सेट पाडा : पासपोर्ट, अर्ज, लग्नाचा अल्बम. एखादी ॲक्शन चुकीच्या सेटमध्ये पडली असेल तर ती माउसने ओढून दुसरीकडे नेता येते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नव्या ॲक्शन फोटोशॉप नीट बंद करताना डिस्कवर लिहिल्या जातात. मधेच वीज गेली किंवा प्रोग्रॅम अडकून पडला, तर त्या दिवशी केलेलं सगळं जातं. माझ्या ओळखीच्या एका दुकानात अल्बमसाठी दिवसभर बसून केलेल्या ॲक्शन अशाच गेल्या. तो कारागीर रात्री अकरापर्यंत पुन्हा तेच करत बसला होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. पॅनेलमध्ये सेटच्या नावावर क्लिक करा, मग पॅनेलच्या मेनूतून 'सेव्ह ॲक्शन्स' निवडा. एकटी ॲक्शन निवडली असेल तर हा पर्याय पुसट दिसतो आणि चालत नाही. इथेच अनेकजण कंटाळून सोडून देतात. तयार होणाऱ्या फाइलचं एक्स्टेन्शन एटीएन. ती पेनड्राइव्हवर ठेवा. दुसऱ्या संगणकावर 'लोड ॲक्शन्स' केलं की सेट आहे त्यात जोडला जातो. 'रिप्लेस ॲक्शन्स' मात्र पॅनेलमधलं जुनं सगळं काढून टाकतं, तेव्हा तिथे हात जपून.

विंडोजवर 'सेव्ह ॲक्शन्स' निवडताना कंट्रोल आणि आल्ट दाबून धरलं, तर सगळ्या पायऱ्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरतात. ती परत लोड होत नाही, पण छापून भिंतीवर लावता येते. नव्या मुलाला शिकवायला याहून सोपं साधन माझ्या पाहण्यात नाही.

पुढचा लेख बॅचवर आहे. त्याआधी एवढं कराच : आज दुकान बंद करताना तुमचे सगळे सेट एटीएनमध्ये सेव्ह करा आणि एक प्रत घरी न्या.