उजेडाने काच कापतात

खिडकीला काच बसवायची असली की कारागीर काय करतो? पट्टी धरतो, हिरकणीने रेघ ओढतो आणि दोन्ही हातांनी काच अलगद मोडतो. काच रेघेवर तुटते. पण तिच्या कडेवरून बोट फिरवू नका, रक्त निघेल. त्या कडेला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा राहतात. पुढे काच फुटते ती बहुधा अशाच एखाद्या चिरेपासून.

आता दुसरी गोष्ट पाहा. थंडीच्या दिवसांत जाड पेल्यात एकदम कढत चहा ओतला, की पेला तडकतो. असे का होते? आतली बाजू तापते आणि फुगते. बाहेरची बाजू गारच असते, ती फुगत नाही. दोघींची ओढाताण होते आणि काच जाते. घरात हे झाले तर नुकसान. पण ही तडक आपल्याला हवी तिथूनच नेता आली तर? कारखान्यांत आज तेच करतात. त्यासाठी लेसर नावाचा उजेड वापरतात.

दिव्याचा उजेड जत्रेतल्या गर्दीसारखा. जो तो वाटेल तिकडे जातो. लेसरचा उजेड दिंडीसारखा. सगळे एका दिशेने, एका ठेक्यावर पाऊल टाकतात. म्हणून तो फारसा पसरत नाही. भिंगाने तो सुईच्या टोकाएवढ्या जागी गोळा करता येतो. पहिला लेसर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली चालवून दाखवला.

पण उजेड तर काचेतून आरपार जातो! मग काच तापणार कशी? शंका बरोबर आहे. तिचे उत्तर चुलीपाशी मिळते. पेटत्या चुलीसमोर क्षणभर काच धरा. जाळ दिसतो, पण तोंडाला लागणारी धग कमी होते. उजेड पलीकडे गेला, धग काचेने अडवली. धग हाही एक उजेडच, फक्त डोळ्यांना न दिसणारा.

असाच न दिसणारा किरण देणारा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी तयार केला. हे पटेल आपल्या बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले बरे का! त्यांच्या लेसरात कार्बन डायॉक्साइड वायू असतो. सोड्याच्या बाटलीत फसफसतो तोच. त्याचा किरण काच पुढे जाऊ देत नाही. वरच्या पातळ थरातच तो मुरतो आणि काच तिथे तापते.

कापताना आधी काचेच्या कडेला बारीक खाच पाडतात. मग किरण पुढे सरकतो. त्याच्या मागोमाग गार पाण्याचा फवारा किंवा गार वारा येतो. तापलेली काच झटकन निवते, आकसते. खाचेपासून तडक निघते आणि किरणाच्या मागून सरळ चालत जाते. चुरा पडत नाही. कड गुळगुळीत निघते, म्हणून दाब पडला तरी ती काच लवकर फुटत नाही.

काही लेसर मात्र काचेत शिरतात. भिंगाने ऊन गोळा करून तुम्ही कागद जाळला असेल. तसा हा किरण काचेच्या पोटात एका ठिपक्यावर गोळा करतात. तिथे खूण उमटते, वरून ओरखडासुद्धा नाही. दुकानात काचेच्या ठोकळ्यात गणपती दिसतो, तो अशाच हजारो ठिपक्यांचा. २०१९ साली अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने याच रीतीने सुपरमॅन नावाचा अख्खा सिनेमा तळहातावर मावेल अशा काचेच्या तुकड्यात साठवला. काच उकळली, भट्टीत भाजली, तारेच्या काथ्याने घासली, तरी आतली नोंद शाबूत राहिली. कागदाला वाळवी लागते, इथे ती काय खाणार?

या कामात धोका कडेचा नाही, डोळ्यांचा आहे. किरण दिसत नाही, म्हणून माणूस बेसावध राहतो. चकचकीत पत्र्यावरून उलटलेला किरणही डोळा घालवू शकतो. म्हणून यंत्राला बंद पेटी असते आणि कामगाराला खास चष्मा. एका लेसरचा चष्मा दुसऱ्याला चालेलच असे नाही. कोणत्या लेसरसाठी, हे चष्म्यावर लिहिलेले असते. ते वाचूनच तो घालायचा.