उपग्रहाच्या फोटोत हिरवं शेत लाल का दिसतं?

उपग्रहाच्या फोटोत शेत लालभडक दिसलं, तर फोटो बिघडलेला नाही बरं का. निरोगी पानं अवरक्त किरण जोरात परत पाठवतात. डोळ्यांना न दिसणारे हे किरण फोटोत लाल रंगाने दाखवतात. पीक सुकलं की लाली उतरते. पण ते दुष्काळाने सुकलं, किडीने, की कापणीच झाली? हे बांधावर जाऊनच कळतं. अर्थ चुकला, तर शेतकऱ्याची भरपाई अडू शकते.

या कामातल्या लोकांना एकत्र आणते १९६९ साली सुरू झालेली 'इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग'. मुख्यालय देहरादूनला, शाखा नागपूर-मुंबईतही. १२ ऑगस्टला, विक्रम साराभाईंच्या जन्मदिनी, शाखांमध्ये रिमोट सेन्सिंग दिन असतो: व्याख्यानं, विद्यार्थ्यांसाठी स्पर्धा. भूगोल आवडतो? मग चौकशी कराच!