न्यूटच्या डोळ्यांचे विकार व त्यांवरील उपाय

पाळलेल्या प्राण्याचा डोळा एके दिवशीं सकाळीं दुधासारखा पांढरा झालेला दिसला, तर कोणाही मुलाचें मन कासावीस होतें, आणि हातीं लागेल तें औषध त्यांत घालावें असें त्यास वाटूं लागतें. ही घाई पुष्कळदां प्राण्याच्या जिवावर बेतते. न्यूट नांवाच्या लहानशा उभयचर प्राण्याच्या बाबतींत तर ही गोष्ट विशेष खरी आहे. म्हणून त्याच्या डोळ्यांचे विकार कसे ओळखावे व त्यांवर काय करावें, याचें थोडक्यांत विवेचन येथें योजिलें आहे.

न्यूट हा बेडकाचा आप्त होय. परंतु शेपटीमुळें तो प्रथमदर्शनीं पालीसारखा दिसतो. पालीच्या अंगावर खवले असतात. न्यूटची कातडी मात्र उघडी असते, आणि पाणी व त्यांत विरघळलेले पदार्थ तिच्यांतून सहज आंत शिरतात. महाराष्ट्रांत न्यूट आढळत नाहीं. भारतांत तो दार्जिलिंगच्या डोंगरांत व ईशान्येकडील कांहीं भागांत राहतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास अभय दिलें आहे. जपान, युरोप व अमेरिका येथें मात्र कांचेच्या टाकींत न्यूट पाळण्याची हौस पुष्कळांस आहे. जपानच्या भातखाचरांत व तळ्यांत राहणारा लाल पोटाचा न्यूट हा त्यांपैकीं एक. पुढील विवेचन मुख्यतः त्यासच अनुलक्षून आहे.

प्रथम पाहावयाचें तें हें कीं, विकार एका डोळ्यास आहे कीं दोन्ही. एकच डोळा बिघडला असेल, तर बहुधा इजा झालेली असते. धारदार दगड लागलेला असतो किंवा अन्नासाठीं झोंबतांना सोबत्यानें चावा घेतलेला असतो. दोन्ही डोळे एकदम बिघडले, तर दोष पाण्यांत अथवा सर्व शरीरांत आहे असा संशय घ्यावा. दुसरी गोष्ट, पांढरेपणा कोठें आहे? तो डोळ्याच्या पृष्ठभागावर असेल, तर वरील पारदर्शक पडदा सुजलेला किंवा खरचटलेला असतो. बाहुलीच्या आंत खोल दिसत असेल, तर तो मोतीबिंदु असण्याचा संभव असतो. डोळा फुगून बाहेर आला असेल, तर आंत जंतूंचा प्रादुर्भाव झाला असावा. कापसासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी समजावी. कधीं कधीं टाकलेल्या कातेचा तुकडा डोळ्यावर चिकटलेला असतो, व तो विकार नसतांही विकारासारखा दिसतो.

या विकारांचें मूळ पुष्कळदां पाण्यांत सांपडतें. न्यूटची विष्ठा व उरलेलें अन्न यांपासून अमोनिया उत्पन्न होतो. जुन्या टाकींतील उपकारक जंतू त्याचें आधीं नायट्राइट व मग त्याहून पुष्कळ सौम्य असें नायट्रेट बनवितात. नव्या टाकींत हे जंतू नसतात. म्हणून तेथें अमोनिया सांचतो आणि डोळे व कातडी यांस पोळतो. नळाच्या पाण्यांतील क्लोरीनही असेंच अपायकारक असतें. तें पाणी उघडें ठेवल्यानें उडून जातें. परंतु पाण्यांत क्लोरामीन असेल, तर तें तसें जात नाहीं, व त्यासाठीं निराळें द्रावण वापरावें लागतें.

आतां उपाय. आजारी न्यूटला वेगळ्या लहान भांड्यांत, क्लोरीन काढलेल्या स्वच्छ पाण्यांत ठेवावें. भांड्यावर हवेशीर झांकण असावें, कारण न्यूट कांचेवर चढून निसटतो. पाणी १६ ते २० अंश सेल्सियस इतकें थंड असावें व तें रोज बदलावें. तळाशीं खडे घालूं नयेत. मूळ टाकींतील पाण्याची परीक्षा करावी. अमोनिया व नायट्राइट यांचें प्रमाण शून्य असलें पाहिजे. किरकोळ खरचटणें असल्यास कांहीं दिवसांत डोळा निवळूं लागतो. परंतु सूज, रक्त किंवा बुरशी दिसली, दोन्ही डोळे बिघडले, अथवा न्यूटनें अन्न सोडलें, तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब लावूं नये. माणसाच्या डोळ्यांचे थेंब आपल्या मनानें घालूं नयेत. कांहीं थेंबांत स्टेरॉइड असतें. त्यानें जखम भरण्यास अडथळा येतो व जंतूंस वाव मिळतो. शिवाय डोळ्यांत घातलेलें औषध कातडींतूनही शरीरांत जातें, म्हणून त्याची मात्रा वैद्यानेंच ठरवावी. न्यूटला हाताळण्यापूर्वीं हात स्वच्छ पाण्यानें ओले करावे, व नंतर साबणानें धुवावे. कारण या न्यूटच्या कातडींत फुगा माशांत असतें तेंच तीव्र विष असतें.

आतां एक नवलाची गोष्ट. न्यूटच्या डोळ्यांतील भिंग काढून टाकलें, तरी बाहुलीभोंवतालच्या पडद्याच्या वरच्या कडेपासून नवें भिंग तयार होतें. १८९१ सालीं कोलुच्ची या इटालियन शास्त्रज्ञानें व १८९५ सालीं वोल्फ या जर्मन शास्त्रज्ञानें हें दाखविलें. पुढें गोरो एगुची व त्यांचे सहकारी यांनीं जपानी न्यूटांचीं भिंगें १६ वर्षांत १८ वेळां काढलीं, आणि शेवटचें भिंगही निर्दोष निघालें. हा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला.

ज्याच्या अंगीं एवढें सामर्थ्य, तोच प्राणी घाणेरड्या पाण्यांत थोड्याच दिवसांत डोळे व प्राणही गमावतो. भिंग तो स्वतः घडवूं शकतो; पाणी मात्र त्यास बदलतां येत नाहीं. तें काम पाळणाऱ्याचें आहे. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, ज्यास प्राणी पाळावयाचा असेल, त्यानें औषधाच्या बाटलीकडे हात नेण्यापूर्वीं पाण्याच्या भांड्याकडे पाहावें.