वऱ्हाडच्या उन्हातील पिकअप आणि सिंथेटिक इंजिन ऑइल

बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचे वंगण घालण्याची रीत आपल्याकडे मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि इंग्लंडमधील वेकफिल्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये मोटारींसाठी जे तेल बाजारात आणले त्यात एरंडेल मिसळलेले असल्यामुळेच त्याला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव पडले. आखाचे वंगण आणि इंजिनाचे वंगण यांचे मूळ काम एकच आहे, ते म्हणजे घासणाऱ्या दोन धातूंच्या मध्ये तेलाचा पातळ थर टिकवून धरणे. फरक आहे तो उष्णतेचा, वेगाचा आणि काजळीचा. हा फरक समजून घेतला, तर दुकानातील फळीवर मांडलेल्या डझनभर डब्यांमधून आपल्या पिकअपसाठी कोणता उचलावा, हा प्रश्न पुष्कळ सोपा होतो.

बडनेरा हे मुंबई–हावडा लोहमार्गावरील जंक्शन आहे; तेथून अमरावतीकडे फाटा निघतो आणि पूर्वी ‘सहा नंबरचा हायवे’ म्हणून ओळखला जाणारा, आता राष्ट्रीय महामार्ग ५३ हा क्रमांक मिळालेला रस्ता मूर्तिजापूरवरून अकोल्याकडे जातो. याच महामार्गाच्या अमरावती–अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. अशा गुळगुळीत रस्त्यावर एकसारखी धावणारी पिकअप आणि बाजार समितीच्या फाटकाबाहेर सोयाबीनची पोती घेऊन रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून पुढे पुढे सरकणारी पिकअप, या कागदोपत्री एकाच जातीच्या गाड्या असल्या, तरी त्यांच्या इंजिनातील तेलाचे आयुष्य सारखे नसते. वरूड-मोर्शीच्या बागांतून मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, म्हणजे भरलेल्या गाड्यांच्या खेपा ऊन तापू लागते त्याच सुमारास सुरू होतात, आणि एप्रिल-मे मध्ये अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे या भागाला नवे नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या गाडीच्या वाट्याला याखेरीज खालच्या गिअरवरची लांब चढण येते. तेलाची निवड करताना जाहिरातीआधी या कामाचा विचार व्हायला हवा.

डब्यातील इंजिन ऑइल हे एक मिश्रण असते. त्याचा बहुतांश भाग मूळ तेलाचा असतो आणि उरलेल्या भागात निरनिराळी रसायने असतात: इंजिनाच्या आतील भाग धुणारी, काजळीचे कण तरंगते ठेवणारी, झीज रोखणारी, आणि तेल तापल्यावर फार पातळ होऊ न देणारी. मूळ तेलाचे ‘एपीआय’ या अमेरिकी संस्थेने पाच गट केले आहेत. पहिल्या दोन गटांतील तेल कच्च्या खनिज तेलापासून शुद्धीकरणाने मिळते आणि त्यालाच बाजारात ‘मिनरल ऑइल’ म्हणतात. तिसऱ्या गटातील तेलही खनिज तेलापासूनच येते, परंतु मोठ्या दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याचे रेणू इतके बदललेले असतात की गुणांनी ते मूळ कच्च्या मालापासून फार दूर गेलेले असते. चौथ्या गटात ‘पॉलिअल्फाओलेफिन’ हे वायुरूप रसायनापासून रेणूला रेणू जोडून कारखान्यात घडवलेले तेल येते, तर पाचव्यात एस्टरसारखी उरलेली सर्व तेले. पूर्वी चौथ्या-पाचव्या गटालाच ‘सिंथेटिक’ म्हणत असत. अमेरिकेत १९९९ मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यातील जाहिरातीच्या वादाचा निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला आणि तेव्हापासून तिसऱ्या गटातील तेलालाही सिंथेटिक म्हणण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे डब्यावरील ‘फुल्ली सिंथेटिक’ हे शब्द तेल कशापासून बनले हे नेमके सांगत नाहीत, आणि ‘सेमी सिंथेटिक’ या शब्दांवरून तर सिंथेटिकचा वाटा किती, याचाही पत्ता लागत नाही. मोठ्या अक्षरांतील या शब्दांपेक्षा डब्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेले आकडे आणि इंग्रजी अक्षरे ग्राहकाला अधिक उपयोगी माहिती देतात.

त्यांपैकी पहिली खूण म्हणजे ‘१५डब्ल्यू-४०’ किंवा ‘५डब्ल्यू-३०’ यांसारखा घट्टपणाचा दर्जा. तूप थंडीत थिजते आणि उन्हाळ्यात पाण्यासारखे होते, तसेच तेलाचेही होते. त्याचा हा स्वभाव मोजण्यासाठी ‘एसएई’ या संस्थेने हे आकडे ठरवले आहेत. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दातून आले असून त्याच्या आधीचा आकडा कडाक्याच्या थंडीतील वागणूक सांगतो: १५डब्ल्यू तेल उणे २५ अंशांपर्यंत पंपाने ओढले जाईल इतपत वाहते राहते, ५डब्ल्यू तेल उणे ३५ अंशांपर्यंत. वऱ्हाडात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेही पारा गोठणबिंदूच्या बराच वर असतो, म्हणून केवळ थंडीपासून बचावासाठी ५डब्ल्यू तेलाचे जादा पैसे मोजण्याचे येथे कारण नाही. पहाटे इंजिन सुरू होताना पातळ तेल वरच्या भागांपर्यंत थोडे लवकर पोहोचते, हा त्याचा खरा पण लहान फायदा आहे.

दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातील घट्टपणा सांगतो आणि वऱ्हाडात तोच अधिक महत्त्वाचा आहे. शंभर अंश तापमानाला ४० दर्जाचे तेल ३० दर्जाच्या तेलापेक्षा घट्ट असते. त्याहून कडक परीक्षा १५० अंशांवर घेतली जाते, जेव्हा क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमध्ये सापडून दाबले आणि फाटले जाणारे तेल धातूंना वेगळे ठेवू शकते की नाही हे पाहिले जाते. या परीक्षेत ३० दर्जासाठी किमान २.९ हा आकडा पुरतो, तर १५डब्ल्यू-४० तेलाला किमान ३.७ गाठावा लागतो. मात्र यावरून जितके घट्ट तितके चांगले, असा जो निष्कर्ष पुष्कळ गॅरेजांत काढला जातो तो चुकीचा आहे. नव्या इंजिनांतील फटी, तेलाचा पंप आणि टर्बोचार्जरच्या वाटा विशिष्ट घट्टपणा गृहीत धरूनच आखलेल्या असतात. कंपनीने ३० दर्जा सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतल्यास तेल उशिरा पोहोचते, इंजिनाला ते ढवळण्यात शक्ती खर्चावी लागते आणि डिझेल जास्त लागते.

सिंथेटिक तेलाचा वऱ्हाडातील खरा उपयोग उष्णता सोसण्यात आहे. तेल तापले की हवेतील ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन ते हळूहळू घट्ट आणि आम्लयुक्त होते, आणि ढोबळ मानाने दर १० अंशांच्या वाढीला ही क्रिया दुपटीने वाढते. बाहेरची हवा ४५ अंशांची असते तेव्हा रेडिएटरला उष्णता बाहेर टाकायला वाव कमी राहतो. त्यात ओझे आणि घाट यांची भर पडली की तेलाचे तापमान चढते. टर्बोचार्जरचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याच्या बेअरिंगला थंडावा देणारे तेल, घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केल्यास, जागच्या जागी करपते. शुद्ध आणि एकसारख्या रेणूंचे सिंथेटिक तेल या करपण्याला आणि वाफ होऊन उडून जाण्याला मिनरल तेलापेक्षा बराच काळ तोंड देते. थांबल्यानंतर मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवण्याची सवय मात्र कोणत्याही तेलाबरोबर ठेवावी लागते.

तिसरी खूण आहे सेवाश्रेणीची, आणि सर्वांत महागात पडणारी चूक येथेच होते. डिझेल इंजिनाच्या एपीआय श्रेणी ‘सी’ या अक्षराने सुरू होतात: सीएच-४, त्यानंतर २००२ मधील सीआय-४, २००६ मधील सीजे-४ आणि २०१६ च्या अखेरीस आलेली सीके-४. पेट्रोल इंजिनाच्या श्रेणी ‘एस’ने सुरू होतात. युरोपातील ‘एसीईए’ संस्थेच्या सी२, सी३ अशा श्रेणीही आता डब्यांवर दिसतात. त्यांतील ‘सी’चा अर्थ वेगळा असून, धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसवलेल्या हलक्या वाहनांसाठी त्या आहेत. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली. त्याबरोबर अनेक डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत ‘डीपीएफ’ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी आली. अडकलेली काजळी ही गाळणी मोठ्या तापमानाला जाळून टाकते, परंतु तेलातील धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही. ती गाळणीत कायमची साठते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे तेल लागते: सीके-४ मध्ये राखेची कमाल मर्यादा १ टक्का आहे, सी३ मध्ये ०.८ टक्का. डीपीएफ असलेल्या पिकअपमध्ये जुन्या श्रेणीचे तेल, मग ते कितीही महाग आणि सिंथेटिक असो, ओतणे म्हणजे ती गाळणी वेळेआधी बुजवणे होय. शिवाय ५डब्ल्यू-३० लिहिलेले दोन डबेही सारखे नसतात, कारण १५० अंशांच्या परीक्षेत सी२ श्रेणीला २.९ पुरतो आणि सी३ श्रेणीला ३.५ लागतो.

डीपीएफ असलेल्या गाडीबाबत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. बडनेरा ते अमरावती अशा आठ-दहा किलोमीटरच्या तुटक फेऱ्यांत काजळी जाळण्याची क्रिया पुरी होत नाही, आणि काही इंजिनांत तिच्यासाठी सोडलेले जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरते. तेल मोजण्याच्या दांडीवर पातळी वाढलेली दिसली, तर तेल वाचले असे समजू नये; ते पातळ झाले आहे, आणि गाडी लवकरात लवकर तपासून घेणे आवश्यक आहे.

या सर्वांवरून निवडीचा विचार असा करता येतो. टर्बो असलेल्या पण डीपीएफ नसलेल्या जुन्या पिकअपला, कंपनीने तोच दर्जा सांगितला असेल तर, १५डब्ल्यू-४० दर्जाचे आणि सीआय-४ प्लस श्रेणीचे नामांकित मिनरल तेल पुरेसे आहे; वेळेवर बदललेले असे तेल न बदललेल्या सिंथेटिकपेक्षा निःसंशय चांगले. हीच गाडी रोज ओझ्याने घाट चढत असेल, तर त्याच दर्जाच्या सिंथेटिकवर केलेला खर्च योग्य ठरतो. बीएस-६ गाडीच्या मालकाला मात्र मोकळीक जवळजवळ नाही: हस्तपुस्तिकेत जो दर्जा आणि जी श्रेणी छापली आहे, नेमके तेच घ्यावे, कारण हमीही त्यावरच अवलंबून असते. सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांसाठी डिझेलचे तेल वापरू नये. त्यांच्या इंजिनात काजळी कमी पण तापमान अधिक असते आणि त्यांची श्रेणी पेट्रोल इंजिनाच्या मालिकेतील असते.

सिंथेटिक तेल डिझेल वाचवते हा दावा तपासून पाहण्यासारखा आहे. समजा, पिकअप लिटरला १२ किलोमीटर धावते. १०,००० किलोमीटरला तिला सुमारे ८३३ लिटर डिझेल लागेल आणि तेलामुळे एक टक्का बचत झाली असे धरले, तर सव्वाआठ लिटर वाचतील. दोन डब्यांच्या किमतीतील फरक सव्वाआठ लिटर डिझेलच्या किमतीशी ताडून पाहावा. पुष्कळदा असे दिसेल की केवळ इंधनाच्या बचतीतून महाग तेलाचे पैसे पुरते वसूल होत नाहीत, आणि मग उरलेले कारण इंजिनाचे आयुष्य हेच असते. ते कारण भक्कम आहे, पण त्याचा हिशेब वर्षांनी कळतो.

तेल बदलण्याचा काळ वाढवण्याबाबत सावधपणा हवा. किलोमीटर दाखवणाऱ्या काट्याला रांगेत उभ्या इंजिनाचे तास दिसत नाहीत, आणि कापूस खरेदी केंद्रावर रात्रभर थांबत-सरकत गेलेल्या गाडीचे तेल काट्यापेक्षा अधिक थकलेले असते. शेतरस्त्यावरची धूळ आणि जिनिंगमधील सरकीची तूस हवेच्या फिल्टरवर बसते. फाटका किंवा बुजलेला फिल्टर तसाच ठेवून महागडे तेल भरण्यात अर्थ नाही, कारण आत गेलेली बारीक रेती सिंथेटिक तेलातही सिलिंडर घासतेच. म्हणून धूळ, ओझे आणि उन्हातील कामासाठी हस्तपुस्तिकेत दिलेले कमी अंतर हेच वऱ्हाडातील बहुतेक पिकअपसाठी खरे अंतर मानावे, आणि प्रत्येक वेळी तेलाचा फिल्टरही बदलावा. डिझेल इंजिनातील नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते, त्याची काळजी करू नये; काजळी भिंतीला चिकटू न देता स्वतःत सामावून घेणे हे त्याचे कामच आहे. मिनरल तेलावर चालणाऱ्या गाडीत पुढच्या वेळी सिंथेटिक भरल्याने इंजिन बिघडते, ही समजूतही निराधार आहे. फार तर जुन्या सीलपाशी साचलेला चिकट मळ धुऊन निघतो आणि आधीपासूनची गळती उघडी पडते.

उतरवलेले काळे ऑइल वाळवीसाठी लाकडाला फासण्याची किंवा गॅरेजमागच्या नालीत ओतण्याची सवय आता सोडायला हवी. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते, त्यातील जड धातू विहिरीच्या पाण्यापर्यंत जातात, आणि शुद्धीकरण करून त्यापासून पुन्हा मूळ तेल बनवता येते. रिकामा डबा भोक पाडून मगच भंगारात द्यावा, म्हणजे त्यात बनावट तेल भरून तो पुन्हा दुकानात येणार नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगच्या आधी पिकअपच्या मालकांनी आणि चालकांनी गाडीच्या कप्प्यात पडून असलेली हस्तपुस्तिका काढावी, तेलाचा दर्जा, श्रेणी आणि किती लिटर लागते हे एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे, ती चिठ्ठी मिस्त्रीच्या हाती द्यावी आणि डब्याचे सील आपल्या डोळ्यांसमोर उघडायला लावावे.